दोरवाल्यांच्या घराचं दार

दोरवाल्यांचं घर भर रस्त्यावर होतं, पण रस्त्यावरून त्या घरात शिरता येत नव्हतं. रस्त्याकडे होती ती नुसती भिंत. भिंतीत वर, माणसाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, गजांच्या दोन खिडक्या. त्यांतून कांदा परतल्याचा वास बाहेर यायचा, शिलाई मशीनची खडखड बाहेर यायची, म्हाताऱ्याचा खोकला बाहेर यायचा. माणसाला मात्र बाहेर यायचं तर आधी चर्चमध्ये जावं लागे.

म्हणजे असं की, स्वयंपाकघराला एक बुटकं दार होतं. ते उघडलं की समोर कपाटाची पाठ. कपाटाला वळसा घातला की फादर मिस्सेच्या प्रार्थनेआधी झगा चढवतात ती खोली. तिथून वेदी. वेदीसमोर गुडघा टेकायचा, बाकांच्या दोन रांगांमधून सरळ चालत सुटायचं, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड ओलांडायचं, की आलं चर्चचं मोठं दार, पायऱ्या आणि रस्ता. तोच रस्ता, ज्याच्याकडे घर पाठ करून बसलं होतं.

घरात जे काही होतं ते याच वाटेनं आलं होतं. सोफा आणताना हमालांनी वेदीसमोर गुडघे टेकले, तेव्हा सोफ्यानंही टेकला, आणि त्याचा पुढचा एक पाय कायमचा लंगडा झाला. कपड्यांचं कपाट आणलं तेव्हा ते बाकांच्या मधे असं अडकलं की रविवारची अख्खी मिस्सा त्यानं उभ्यानं ऐकली. त्याच्या आडोशाला बसलेल्या बायका त्या दिवशी प्रवचनभर निवांत झोपल्या आणि पुढच्या रविवारी कपाट कुठे गेलं म्हणून विचारू लागल्या. मासळी आणायची तर ओल्या फडक्यात, त्यावर कोरडं फडकं, त्यावर फुलं. एका लग्नात या फुलांची आणि नवरीच्या हातातल्या फुलांची गल्लत झाली आणि नवरी मासळी घेऊन नवऱ्याशेजारी उभी राहिली, असं घरातले म्हातारबाबा सांगत. पुढे तो संसार चांगला झाला, हेही सांगत.

दोरवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. घंटेचा मनोरा बरोबर त्यांच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर होता, आणि घंटेचा दोर छताच्या भोकातून खाली उतरून शेगडी आणि पाण्याचा पिंप यांच्या मधोमध लोंबत असे. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घंटा वाजवायची, त्याबद्दल राहायला घर. दोर सोडला की घर सोडायचं. चर्च आणि त्याखालचं गाव, म्हणजे पॅरिश, जेवढं जुनं तेवढीच ही अटही जुनी.

हल्ली दोर ओढायची ती म्हातारबाबांची मुलगी. चाळिशी उलटलेली, हाडापेरानं मजबूत, तोंडानं कमी. सगळं गाव तिला ताई म्हणे. तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा ताईच म्हणत. ही ताई जन्मली तीही रविवारच्या मिस्सेच्या ऐन मध्यावर. मिस्सा चालू असताना बुटकं दार उघडायचं नाही असा नियम, त्यामुळे सुईण झग्यांच्या खोलीत खोळंबली आणि आशीर्वाद होऊन ती आत पोचेपर्यंत मूल रडून, थकून, झोपलंही होतं. प्रवचन म्हणे सहनशीलतेवर होतं. आई पुढे फार दिवस जगली नाही. बाबांचा खांदा निकामी झाला, त्याला बरीच वर्षं झाली होती. उजवा हात डोक्याच्या वर जात नसे. ते दोराशेजारी खुर्ची टाकून बसत, मुलीला "जरा हळू ओढ, वरची कबुतरं म्हातारी आहेत" असं सांगत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गोष्टी ऐकवत.

पॅरिशचा इतिहास कुणी लिहिलेला नव्हता. गरज नव्हती. तो म्हातारबाबांना तोंडपाठ होता, आणि रोज थोडा नवा पाठ होत होता.

या घराला दार का नाही, हा त्या इतिहासातला सगळ्यांचा आवडता भाग. मुलांनी विचारलं तर पूर्वी इथून एक राक्षस जात असे आणि वाटेत लागणारं प्रत्येक दार तो बिस्किटासारखं खात असे. आरोग्य खात्याच्या माणसानं विचारलं तर तो पटकीच्या साथीतला सरकारी हुकूम. आणि आधीच्या फादरांनी विचारलं, तेव्हा मात्र बाबांना सर्दी झाली होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि गोष्ट आपोआपच गंभीर झाली. पहिल्या दोरवाल्यानं, ते म्हणाले, साथीच्या वर्षी नवस केला होता की माझी लेकरं वाचली तर माझ्या घराला देवाच्या दाराखेरीज दुसरं दार ठेवणार नाही.

आधीचे फादर रडले. त्यांनी रंगारी बोलावला आणि रस्त्याकडच्या भिंतीवर पाटी लावली: या घराला दार नाही, कारण या घरात श्रद्धा आहे. लोक थांबून पाटी वाचत, कुणी भिंतीला हात लावून तो कपाळाला लावी. आत ताई मशीनवर बसलेली असे आणि भिंतीवरचे हात तिला ऐकू येत.

तिला आजीनं वेगळंच सांगितलं होतं. लहानपणी डोकं धुताना, डोळ्यांत साबण गेलेला असताना. घराला दार होतं, आजी म्हणाली. समोर दारूचं दुकानही होतं. पहिला दोरवाला या दारातून त्या दारात इतक्या वेळा जाई की रस्त्यात वाट पडली होती. एका दुपारी घंटा वाजली नाही. पहिल्या फादरांनी गवंडी बोलावला आणि दोरवाला आत घोरत असतानाच दार बुजवून टाकलं. आता प्यायला जायचं तर माझ्यासमोरून जा म्हणाले. सकाळी उठल्यावर तुझा पणजोबा भिंतीला हात लावत खोलीभर फिरला, आणि दार सापडेना तेव्हा आपण मेलो असं समजून पुन्हा झोपला.

ताईला हे खरं वाटे. पावसाळ्यात भिंत ओली झाली की गिलाव्यावर एक पुसट चौकट उमटे, आत तिची मशीन होती तिथेच.

आणि मशीनचंच तर सगळं होतं. ताईचा हात सोन्याचा. वेदीवरची वस्त्रं, फादरांचे झगे, गायकवृंदाचे अंगरखे, सगळं तिच्या हातचं. बाजारपेठेतल्या शिंपीणकाकू, एकट्या बाई, थोरलं दुकान, कधीच्या मागे लागल्या होत्या.

"अगं, माझे डोळे गेले," त्या म्हणत. "सुईत दोरा ओवायचा तर शेजारच्या न्हाव्याला हाक मारावी लागते. तू ये. अर्धं दुकान तुझं. समोर काच आहे, काचेतून रस्ता दिसतो. बसून बघत राहिलीस तरी चालेल."

"येते काकू," ताई म्हणे.

ती गेलीही होती. एकदा नाही, कितीतरी वेळा. पिशवीत कात्री, टेप, डबा. बुटक्या दारातून बाहेर पडायची ती कपाटाला वळसा घालेपर्यंतच. "बरं झालं ताई, तुम्हीच आलात," फादर म्हणत, "ही कॉलर जरा बघता का." कॉलर झाली की वेदीवरच्या फुलांचं पाणी. मग बाकांपाशी कुणी म्हातारी, "ताई, माझा चष्मा खाली पडलाय." एके दिवशी तर ती कुंडापर्यंत पोचली होती, रस्त्यावरचं ऊन पायऱ्यांवर पडलेलं दिसत होतं, तेवढ्यात बाप्तिस्म्याला आलेल्या एका बाईनं बाळ तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "जरा धरा, मी यांना आणते." बाळाचा बाप सापडेपर्यंत दुपारच्या घंटेची वेळ झाली. ताई परत आत. गावात कुणी तिला अडवलं होतं असं कुणालाही म्हणता आलं नसतं.

म्हणून तिनं कमिटीपुढे अर्ज केला. तोंडी. पॅरिशच्या ज्युबिलीचं, म्हणजे स्थापनेच्या महोत्सवाचं वर्ष जवळ आलं होतं आणि कमिटी झग्यांच्या खोलीत रोज बसत होती. अध्यक्ष होते औषधांचे दुकानदार. त्यांना कुठल्याही गोष्टीकडे, ती संपलेली नाही ना, या नजरेनं बघायची सवय होती. नवे फादर त्यांच्या शेजारी. तरुण, भले, घाईतले.

"मला भिंतीत दार पाहिजे," ताई म्हणाली. "रस्त्याकडे. मग गिऱ्हाईक घरी येईल. मी घंटाही सांभाळीन, बाबांनाही, आणि मशीनही चालेल."

"गिऱ्हाईक आत्ताही येऊ शकतं की," अध्यक्ष म्हणाले. "चर्च सगळ्यांना उघडं आहे."

"बाई ब्लाऊजचं माप द्यायला वेदीसमोरून येत नाही."

फादरांनी घसा साफ केला. "ताई, तुमची अडचण समजते. पण ती भिंत आता साधी भिंत नाही. ज्युबिलीच्या पुस्तकात पहिलाच फोटो तिचा आहे. तुमच्या घराण्याचा नवस हा पॅरिशचा इतिहास आहे."

"इतिहासात मला राहावं लागतं, फादर."

"केवढं भाग्य आहे," अध्यक्ष मनापासून म्हणाले, आणि पुढचा विषय घेतला. तो मंडपाचा होता. जाता जाता फादर म्हणाले, "आणि ताई, मंडपाच्या झालरीचं तेवढं बघाल ना."

ती घरात आली. बाबा दोराशेजारी बसले होते, बुटकं दार किलकिलं होतं, म्हणजे सगळं ऐकलेलं होतं.

"काय म्हणाले?" त्यांनी तरीही विचारलं.

"तुमच्या गोष्टीत मला चिणलंत, बाबा," ताई म्हणाली. ओरडली नाही. बटाटे सोलायला बसली.

त्यानंतर कितीतरी दिवस बाबांनी कुणालाच काही सांगितलं नाही. मुलं राक्षसासाठी आली आणि परत गेली. लोकांना वाटलं म्हातारा आता जातो. अध्यक्षांनी शक्तिवर्धक औषधाची बाटली पाठवली. ती बाबांनी सोफ्याच्या लंगड्या पायाखाली ठेवली. अगदी बरोबर बसली.

मग ज्युबिलीची तयारी बघायला बिशपसाहेब आले. उंच, गोरेपान, मऊ बोलणारे. दोरवाल्यांच्या घरी चहा घ्यायचा हा जुना रिवाज. ते झग्यांच्या खोलीतून आत आले, आणि पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस जे करतो तेच त्यांनी केलं: बुटक्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. चांगलं टेंगूळ आलं. ताईनं ओलं फडकं दिलं. फादर आणि अध्यक्ष मागोमाग वाकून आले. त्यांना सवय होती.

"तर ही ती नवसाची भिंत," बिशपसाहेब फडकं धरून म्हणाले. "पाटी वाचली मी. हृदयस्पर्शी आहे."

"पाटी अर्धीच आहे, साहेब," बाबा म्हणाले. "रंगाऱ्याचा रंग संपला."

अध्यक्षांनी मान वर केली. ताईच्या हातातली किटली थांबली. इतक्या दिवसांनी बाबांचा तो आवाज आला होता, तळाशी जरासं पाणी असलेला.

"नवस केला, दार बुजवलं, इथपर्यंत खरं," बाबा सांगू लागले. "पण दार बुजवताना पहिले फादर जवळ उभे होते. शेवटची वीट त्यांनी हातात घेतली आणि म्हणाले, हे दार मेलेलं नाही, झोपलंय. जसं तिकडे रोममध्ये पवित्र दार विटांनी मिटवलेलं असतं आणि ज्युबिलीला उघडतात, तसंच हे. या पॅरिशच्या ज्युबिलीला एक बिशप येईल. तोच उघडेल."

"कुठला बिशप, काही सांगितलं होतं का?" बिशपसाहेबांनी हसत विचारलं.

"नाव नाही सांगितलं," बाबा म्हणाले. "एवढंच म्हणाले की उंच असेल. आणि त्याच्या कपाळावर खूण असेल."

बिशपसाहेबांचा हात हळूच फडक्याखाली टेंगळाकडे गेला.

फादर म्हणाले, "बाबा, हे तुम्ही याआधी कधी बोलला नाहीत."

"खूण याआधी कुठे आली होती?" बाबा म्हणाले.

गवंड्याला बोलावलं. गावातला गवंडी जाडजूड, पाठीचं दुखणं असलेला, आणि त्याचे वाडवडीलही गवंडीच. त्यानं मशीन बाजूला सरकवली, भिंतीवर हातोडीचा दांडा ठोकत गेला, आणि एके ठिकाणी आवाज बदलला. गिलावा खरवडला तर खाली लाकडी चौकट, तिच्यात निराळ्याच विटा. अध्यक्षांनी गुडघे टेकले. बिशपसाहेबांनीही टेकले. सगळ्यांत मोठा धक्का बाबांना बसला होता, पण तो ताईखेरीज कुणाला कळला नाही. आजीनं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ती ही गोष्ट डोकं धुताना सांगे, आणि बाबांचं डोकं लहानपणी कायम बाहेर विहिरीवरच धुतलं जायचं.

ज्युबिलीच्या पहिल्या दिवशी बिशपसाहेबांनी चांदीचा मुलामा दिलेल्या हातोडीनं पहिली वीट पाडली, बाकीच्या गवंड्यानं पाडल्या, आणि ताईच्या स्वयंपाकघरात रस्ता दिसू लागला. खराखुरा रस्ता. समोरचं दुकान, सायकली, एक कुत्रं, ऊन. ती शेगडीपाशी उभी राहून बघत राहिली आणि दूध उतू गेलं.

आणि मग त्या रस्त्यावरून माणसं आत यायला लागली.

त्याचा विचार कुणी केला नव्हता. पवित्र दार म्हणजे त्यातून लोकांनी यायचं. ती आली. शेजारच्या गावांतून आली, लांबून बसनं आली. रस्त्यावरून दारात, दारातून स्वयंपाकघरात, शेगडी आणि पिंप यांच्या मधून, दोराला नमस्कार करून, बुटक्या दारावर कपाळ आपटून झग्यांच्या खोलीत आणि तिथून वेदीसमोर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. टेंगूळ आलं तर विशेष कृपा, असं कुणीतरी ठरवलं, तेव्हापासून लोक मुद्दाम उंच होऊन जाऊ लागले. एका बाईनं फ्रिजचं चुंबन घेतलं. मशीनवर मेणबत्त्या लावल्या जाऊ लागल्या. मशीन ही काय चीज आहे याबद्दल कुणाची खात्री नव्हती, पण उगीच धोका कशाला. "ताई, तुमची डाळ लागतेय," असं अनोळखी माणसं जाता जाता सांगत, आणि काही जण चमचा फिरवूनही जात.

बाबांना तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. दोराशेजारची खुर्ची आता वाटेच्या मधोमध होती. रोज नवी माणसं, रोज नवा इतिहास. पहिले फादर आता पाण्यावरून चालले नव्हते एवढंच, बाकी सगळं करून बसले होते.

शिवणाचं कुणी नाव काढू नये अशी गत झाली. शिंपीणकाकू एकदा रांगेतून आल्या, पुढच्या माणसाचा खांदा धरून.

"दार मिळालं म्हणे तुला," त्या म्हणाल्या.

"मिळालं."

"मग ये की आत्ताच. हे काय, दोन पावलांवर रस्ता आहे."

ताईनं हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि खरोखरच निघाली. रांगेच्या उलट दिशेनं, एकेकाला चुकवत. उंबऱ्यापाशी अध्यक्षांची बायको उभी होती, खांद्यावरून पिवळा पट्टा, स्वयंसेविका म्हणून.

"ताई, इथून बाहेर नाही हं जायचं," ती गोड आवाजात म्हणाली. "फादरांनी ठरवलंय. पवित्र दारातून फक्त आत यायचं. उलटं गेलं की कृपा सांडते."

"माझं घर आहे हे."

"म्हणून तर. तुम्हीच नियम मोडलात तर लोकांनी काय करायचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पुढे चला." ताई मागे सरकली. काकूंना लोकांनी ढकलत बुटक्या दारापर्यंत नेलं होतं. कपाळ आपटल्याचा आवाज आला.

ते वर्ष ताईला आयुष्याएवढं लांब गेलं. आधी तिच्याकडे निदान भिंत होती. भिंतीच्या आत तिची म्हणून काही जागा होती, जिथे दुपारी पाय पसरून बसता येई. आता तिथे सगळं गाव वावरत होतं आणि ती त्यांच्या वाटेत येत होती. ती केस विंचरायला कपाटाचं दार उघडून त्याच्या आड उभी राही. दोन पावलांवर रस्ता दिसायचा. तो पाहायचा नाही, असं तिनं स्वतःला शिकवलं. लोकांच्या पायांकडे बघत स्वयंपाक करायची. रात्री दाराला फळी लागली की बाबा दिवसभरातल्या गोष्टींतल्या उत्तम उत्तम पुन्हा सांगत, आणि ती तोंडावरून पांघरूण घेई.

"बाबा," एकदा पांघरुणातून ती म्हणाली, "हे संपलं की भिंत पुन्हा होणार. खरं ना?"

"होणार. ज्युबिली संपली की पवित्र दार बुजवायचंच असतं. रोमलाही बुजवतात."

"म्हणजे मी जिथे होते तिथेच."

बाबांनी कूस बदलली. मग म्हणाले, "मशीन खोकायला लागली आहे गं. मेणाचे थर बसलेत आत. दुरुस्तीला टाकायला हवी."

"टाका," ती म्हणाली. "कुठे लागणार आहे आता."

पुढच्या आठवड्यात गवंडी विटांच्या हातगाडीवरून मशीन घेऊन गेला. ताईनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

समारोपाला बिशपसाहेब पुन्हा आले. या वेळी ते बुटक्या दारात इतके वाकले की जमिनीवर काही शोधतायत असं वाटलं. स्वयंपाकघर, झग्यांची खोली, सगळं माणसांनी गच्च. गायकवृंद पिंपाला टेकून उभा. बिशपसाहेबांनी उंबऱ्यावर विटांची पहिली ओळ आपल्या हातानं रचली, त्यांच्या हाताला चुना लागला, अध्यक्षांनी रुमाल पुढे केला. पुढचं काम गवंड्याचं. तो बाहेर रस्त्यावर ओणवा उभा होता, एक हात कमरेवर.

"फादर, पाठ धरलीय," तो बाहेरून म्हणाला. "खाली वाकून वीट उचलणं व्हायचं नाही. मला हातात वीट देणारं कुणीतरी पाहिजे."

फादरांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे चांगल्या कपड्यांत होते. मग त्यांची नजर, इतकी वर्षं सगळ्यांची जिथे जाऊन थांबायची, तिथेच जाऊन थांबली.

"ताई, तेवढं तुम्ही बाहेर जाऊन त्याला विटा देता का."

ताई जागची हलली नाही. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अध्यक्षांच्या बायकोनं पट्टा सावरला, "पण बाहेर..." म्हणाली, आणि फादरांनी हातानंच, जाऊ द्या, अशी खूण केली, गाणं सुरू व्हायची वेळ झाली होती.

ताईनं बाबांकडे पाहिलं. ते दोराकडे बघत होते. तिनं साडी जराशी उचलली, बिशपसाहेबांनी रचलेली ओळ ओलांडली आणि रस्त्यावर उभी राहिली.

मग विटा. ती द्यायची, गवंडी चुना थापून बसवायचा. आत गाणं चाललं होतं, ओळीमागून ओळ चढत होती, आणि आतली माणसं खालून वर बुजत चालली होती: आधी पाय, मग फुलं, मग हात. भिंत छातीपर्यंत आली तेव्हा गवंडी पुटपुटला, "आता आत जायचं तर चढून जावं लागेल, ताई." ती म्हणाली, "तू वीट घे."

गाणं संपलं, मिस्सेसाठी सगळे चर्चमध्ये गेले, बुटकं दार लागल्याचा आवाज आला. भिंतीत वर एवढंसं भोक उरलं होतं. त्यात बाबांचा चेहरा आला. स्टुलावर चढले असणार.

"हे घे," ते म्हणाले. भोकातून कात्री आली. मग टेप. मग तिची शाल, मग चपला, एकेक करून. मग डबा. डबा गरम होता.

"बाबा, मशीन कुठे आहे?"

"जिथे तुला बसायचंय तिथे. काकूंनी काचेजवळ ठेवलीय म्हणे."

ताईच्या हातात शेवटची वीट होती. "आणि घंटा? तुमचा खांदा? दोर सुटला तर घर जाईल तुमचं."

"माझ्या खांद्याचं मी बघतो. तू उशीर करू नकोस, वाटेत कुणी भेटलं तर बाळ हातात देईल." मग त्यांनी तोंड भोकाला लावलं. "आणि गवंड्या, ही एक वीट राहू दे."

"फादर विचारतील."

"कमी पडली म्हण. पुढचं मी सांगीन."

गवंड्यानं थापी धुतली आणि हातगाडी घेऊन गेला. ताई वीट हातात घेऊन रस्त्यावर उभी राहिली. शेवटी ती तिनं भिंतीच्या पायथ्याशी ठेवली आणि निघाली. चालता चालता मागे वळून पाहावं वाटत होतं, कारण तिला कुणीच काही काम सांगितलं नव्हतं आणि अंगाला ते खुपत होतं.

ती बाजारपेठेच्या कोपऱ्यावर पोचली तेव्हा दुपारची घंटा झाली. ताईचे पाय थांबले. ही फादरांची घंटा नव्हती; फादरांना दोर ओढता येत नसे, त्यांनी एकदा ओढला तेव्हा ते स्वतःच वर गेले होते. ही ठाशीव, एकसारखी, शेवटी जरा झोल देऊन थांबवलेली घंटा तिनं लहानपणी ऐकली होती. तसा झोल द्यायला हात चांगला डोक्याच्या वर न्यावा लागतो.

म्हणजे खांद्याला काही झालेलंच नव्हतं. इतकी वर्षं.

ती तिथेच उभी राहिली. तिला इतका राग आला की डोळ्यांपुढे रस्ता हलला. परत जावं, समोर उभं राहून विचारावं. परत जायचं तर मोठ्या दारानं जावं लागलं असतं. ती काकूंच्या दुकानाची पायरी चढली.

संध्याकाळी मात्र तिला राहवलं नाही. ती भिंतीपाशी आली, विटेवर उभी राहिली आणि भोकात बोलली.

"खांदा कसा आहे, बाबा?"

आत खुर्ची करकरली. "तुला कळलं का? दुपारी एकदम हात वर गेला. चमत्कार आहे. पवित्र दाराचा शेवटचा चमत्कार. फादर पुस्तकात घालतायत."

"किती वर्षं असा चमत्कार होत होता?"

भिंतीच्या त्या बाजूला बाबांनी खुर्ची जवळ ओढली. मग पार निराळ्या, पाणी नसलेल्या आवाजात म्हणाले, "दुकानातून रस्ता दिसतो का गं?"

तिनं रिकामा डबा भोकातून आत सरकवला, आणि दुसऱ्या दिवशी भरलेला घेऊन आली, आणि तिसऱ्या दिवशीही. डबा द्यायचा, "खाल्लं का" विचारायचं, निघायचं. भोकाचाही इतिहास एव्हाना तयार होता: पहिले फादर म्हणाले होते की दार मिटलं तरी एका विटेएवढी दया उघडी राहू द्या. अध्यक्षांनी नवी पाटी सांगितली होती.

एका संध्याकाळी ती विटेवर चढली तर भोकातून हात आला. बाबांचा नव्हता. गोरा, तरुण, घाईतला हात. त्यात वेदीवरच्या वस्त्राची उसवलेली कड.

"ताई, बरं झालं तुम्हीच आलात," भिंतीतून फादर म्हणाले. "हे जरा बघता का."

हात तिच्या तोंडासमोर लोंबत राहिला. तिची बोटं सवयीनं पुढे झाली, कडेपर्यंत पोचली, उसवण कुठून सुरू झाली तेही तिला दिसलं.

"दुकानात आणा, फादर," ती म्हणाली. "दार रस्त्यावरच आहे."

मग डबा त्या हातात ठेवून, बाबांना द्या म्हणून सांगून, ती विटेवरून खाली उतरली.